विश्लेषण : कारखान्यांच्या पट्ट्यात वनासाठी सरकारी जमीन मिळते का?

चाकणमधील मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात २१ मार्च २०२२ रोजी पहाटे एक बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढण्यात आले, उत्पादन थांबले. सुमारे सहा तासांनी वन विभाग आणि बचाव पथकाने त्याला भूल देऊन पकडले आणि तो तरुण नर जुन्नरच्या माणिकडोह केंद्राकडे रवाना झाला. त्या दिवशी मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींखाली एकच प्रतिक्रिया वारंवार दिसत होती : ‘आपणच त्याच्या घरात शिरलो.’ ही प्रतिक्रिया पूर्ण खरी नाही. खेड-जुन्नरचे बिबटे जंगलापेक्षा उसातच अधिक वाढतात. चार टेकड्यांवर झाडे लावली म्हणून बिबट्या कारखान्यात यायचा थांबेल, असेही नाही. पण त्या घटनेनंतर या पट्ट्यातील अनेक गावांत एक जुनी मागणी पुन्हा पुढे आली. गावची सरकारी जमीन गोदामाला, पार्किंगला, कचऱ्याला देता, मग वनासाठी का देत नाही?

भोसरीपासून चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजेपर्यंतच्या पट्ट्यात ही मागणी ग्रामसभांमध्ये होते, वारकरी करतात, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर काम करणाऱ्या संस्थाही करतात. तिला मिळणारे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे नसते. ‘झाडे लावा की, कोण नाही म्हणतो?’ असे ते असते. खरी गोम इथेच आहे. झाडे लावण्याची परवानगी ही एक गोष्ट आणि वनासाठी जमीन ही दुसरी.

परवानगी आणि जमीन यात फरक काय?

पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या मोकळ्या गटात पाचशे रोपे लावायची तर सरपंचाचे पत्र आणि जेसीबी पुरतो. रोपे जगली तर दहा वर्षांत तेथे सावली होते. पण सातबाऱ्यावर त्या गटाची नोंद ‘गुरचरण’ किंवा ‘मुलकी पड’ अशीच राहते. पुढे रस्ता, जलशुद्धीकरण केंद्र, पोलीस ठाणे, रुग्णालय असा कोणताही प्रस्ताव आला, की महसूल विभागाच्या लेखी ती ‘उपलब्ध शासकीय जमीन’ असते. नकाशा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला झाडे दिसत नाहीत. फार तर वृक्षतोडीची परवानगी घेतली जाते आणि तेवढीच रोपे दुसऱ्या कुठल्या तरी मोकळ्या गटात लागतात.

उलट, जमिनीची नोंद ‘वन’ अशी असेल तर तिच्यावर एकही झाड नसले तरी वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८० लागू होतो. वनेतर कामासाठी ती वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते, बदल्यात पर्यायी जमीन द्यावी लागते आणि तिच्यावरील वनीकरणाचा खर्चही भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने तर सरकारी दप्तरात ‘वन’ अशी नोंद असलेली कोणतीही जमीन, मालकी कोणाचीही असो, या कायद्याखाली आणली.

महाराष्ट्राचे नोंदीतील वनक्षेत्र राज्याच्या भूभागाच्या सुमारे २० टक्के आहे आणि उपग्रहाला दिसणारे वनाच्छादन सुमारे साडेसोळा टक्के. नोंद असलेल्या बऱ्याच जागी झाडे नाहीत आणि झाडे असलेल्या बऱ्याच जागी नोंद नाही, हे या आकड्यांमागचे वास्तव आहे.

पुनावळेत नोंदीने काय केले?

नोंदीची ताकद पिंपरी-चिंचवडकरांनी अलीकडेच पाहिली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे मोशीच्या एकाच डेपोत जातो. दुसरा डेपो हवा म्हणून महापालिकेने २००८ च्या विकास आराखड्यात पुनावळे येथे आरक्षण टाकले. जागा होती वन विभागाची, वीस हेक्टरांहून मोठी. तेव्हा आसपास शेते होती. पुढच्या पंधरा वर्षांत वाकड, पुनावळे, ताथवडे या भागांत गृहसंकुले उभी राहिली, हजारो कुटुंबे आली.

या पंधरा वर्षांत डेपो का झाला नाही? नागरिकांचा विरोध हे एक कारण. पण विरोध टोकाला पोहोचण्याआधीची बरीच वर्षे फाइल अडकली ती पर्यायी जमिनीच्या अटीवर. वनजमीन घ्यायची तर तेवढीच वनेतर जमीन द्या, ती वन विभागाला पसंत पडली पाहिजे, वर वनीकरणाचे पैसे भरा. हीच जागा गायरान असती, तर कदाचित २०१२ मध्येच तेथे कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या असत्या. २०२३ च्या अखेरीस रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, मोर्चे निघाले आणि डिसेंबरमधील हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने प्रस्ताव रद्द करत असल्याचे जाहीर केले. आंदोलनाला यश आले हे खरेच. पण आंदोलन होईपर्यंत जागा शिल्लक राहिली ती कागदामुळे.

मग वन अशी नोंद झाली की काम संपले?

नाही. पुणे शहराच्याच दुसऱ्या टोकाला, कोंढवा बुद्रुक येथे, याचे उदाहरण आहे. तेथील सर्व्हे नंबर २१ मधील जमीन १ मार्च १८७९ रोजी राखीव वन म्हणून अधिसूचित झाली. काही भाग १९३४ मध्ये वगळला गेला आणि २९ एकर १५ गुंठे, म्हणजे ११.८९ हेक्टर, वन म्हणून राहिली. पण ताबा आणि दप्तर महसूल विभागाकडेच होते. १९९८ मध्ये ती शेतीच्या नावाखाली एका कुटुंबाला देण्यात आली, पुढे एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली, इमारतींचे आराखडेही पुढे सरकले.

सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी हे वाटप बेकायदा ठरवले. न्या. भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा हा निकाल. राजकारणी, नोकरशहा आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या संगनमताचा हा नमुना असल्याचा ठपका न्यायालयाने ठेवला. पण चाकणच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो निकालाचा शेवटचा भाग. महसूल विभागाच्या ताब्यात असलेली राखीव वनजमीन कुठे खासगी व्यक्ती वा संस्थांना वनेतर कामासाठी दिली गेली आहे का, हे तपासायला प्रत्येक राज्याने विशेष तपास पथक नेमावे, अशी जमीन परत घेऊन वन विभागाकडे द्यावी, परत घेणे व्यापक जनहिताचे नसेल तर तिची किंमत वसूल करून ती वनविकासावर खर्च करावी आणि महसूल विभागाकडे पडून असलेल्या वनजमिनी वर्षभरात वन विभागाकडे सोपवाव्यात, असे न्यायालयाने बजावले.

म्हणजे काही गावांत वनासाठी नवी जमीन मागण्याची गरजच नसू शकते. ती शंभर वर्षांपूर्वीच वन झालेली असते आणि चुकीच्या कपाटात पडून असते. ग्रामसभेचा ठराव करण्याआधी जुनी राजपत्रे आणि गाव नमुना तपासणे त्यामुळे शहाणपणाचे.

गाव नमुन्यात काय पाहायचे?

‘सरकारी जमीन’ हा शब्द बोलण्यात एकच असला, तरी दप्तरात तिचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. तलाठ्याकडे (आता पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे) गाव नमुना १-अ ही वनजमिनींची नोंदवही असते. १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या, म्हणजे सरकारच्या हाती असलेल्या जमिनी असतात. १-इ ही अतिक्रमणांची नोंदवही. या तीन वह्या शेजारी ठेवल्या, की गावात वनासाठी खरोखर किती जागा आहे हे तासाभरात कळते. अनेक उत्साही मोहिमा हा एक तास न दिल्याने फसल्या आहेत.

गायरान किंवा गुरचरण म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली जमीन. वापर ग्रामपंचायतीचा, मालकी शासनाची. मुलकी पड म्हणजे कोणालाच न दिलेली सरकारी पडीक जमीन; वनीकरणासाठी मागायला तुलनेने सर्वात सोपी, पण कारखान्यांच्या पट्ट्यात आता क्वचितच शिल्लक. आकारी पड म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेली शेतजमीन. ती मूळ मालकांच्या वारसांना परत देण्याचा मार्ग शासनाने खुला केल्याने तिच्यावर वनाची आशा धरण्यात अर्थ नाही. एमआयडीसीने संपादित केलेली जागा महामंडळाची, तिथे तहसीलदाराचा संबंध संपतो. महापालिका हद्दीतील जागेवर विकास आराखड्यातील आरक्षण काय, हे सातबाऱ्याइतकेच महत्त्वाचे.

गायरानावर वन करता येते का?

सर्वाधिक अर्ज याच जमिनीसाठी होतात आणि सर्वाधिक गोंधळही इथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. प्रकरण पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचे होते, पण परिणाम देशभर झाला. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढून गायरान जमिनी सार्वजनिक प्रयोजनाखेरीज देऊ नयेत असे स्पष्ट केले. पुढे जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आले. त्यानुसार गायरानाचा वापर बदलता येत नाही. अपवाद केंद्र वा राज्य सरकारच्या किंवा वैधानिक प्राधिकरणांच्या सार्वजनिक प्रकल्पांचा, तोही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर. इतर कोणाला अपरिहार्य कारणाने गायरान हवे असेल तर त्याच गावात दुप्पट क्षेत्राची जमीन बदल्यात द्यावी लागते. चाकण परिसरातील आजचे जमिनीचे भाव पाहता ही अट एखाद्या स्वयंसेवी संस्थेला पेलणारी नाही.

वनीकरणाची वाट यातून कशी निघते? जमिनीची मालकी न बदलता. सामाजिक वनीकरण विभाग ग्रामपंचायतीच्या संमतीने गायरानावर रोपवन घेतो, पहिली काही वर्षे पाणी, राखण आणि खुरपणी करतो आणि मग ते ग्रामपंचायतीकडे सोपवतो. रोजगार हमीचा निधी यात वापरता येतो. जमीन गायरानच राहते. ही वाट सर्वात जवळची. तिचा दोषही उघड आहे : हस्तांतरानंतर ग्रामपंचायतीकडे राखणदाराचा पगार द्यायला पैसे नसतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वणवा लागतो.

पक्की वाट भारतीय वन अधिनियम १९२७ ची. शासन कलम ४ खाली राखीव वन करण्याचा इरादा जाहीर करते, वन जमाबंदी अधिकारी नेमला जातो, हक्क सांगणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची मुदत मिळते, दाव्यांचा निकाल लागतो आणि शेवटी कलम २० ची अधिसूचना निघते. कागदावर सरळ वाटणारी ही प्रक्रिया राज्यात कित्येक ठिकाणी कलम ४ वरच दशकानुदशके थबकली आहे. याच कायद्याच्या कलम २८ मध्ये ‘ग्राम वना’ची सोय आहे आणि तिच्यासाठी राज्याने २०१४ मध्ये नियमही केले. राखीव वन गावाच्या व्यवस्थापनाखाली देण्याची ही तरतूद औद्योगिक पट्ट्यात फारशी चर्चिली जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

गायरानावर आधीच कोणाचा हक्क आहे?

वनाची मागणी करणाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो, पण टाळून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयात २०२२ मध्ये राज्याने दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान आहे. त्यातील १० हजार ८९ हेक्टरवर, म्हणजे सव्वादोन टक्क्यांवर, अतिक्रमण आहे आणि त्यावरील बांधकामांची संख्या २ लाख २२ हजारांवर आहे. त्यात गाळे काढून भाडे खाणारे जसे आहेत, तशीच घराला दुसरी जागा नसलेली कुटुंबेही आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक सरकारी जमिनीसाठीच होते. दलित, आदिवासी भूमिहीनांनी कसायला घेतलेली गायरानातील जमीन १४ एप्रिल १९९० ही तारीख धरून नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. असे हक्क अजून कागदावर न आलेली कुटुंबे गावोगाव आहेत. वनाच्या नावाने जेसीबी आधी त्यांच्याच दारात जाऊ शकतो.

दुसरे हक्कदार गुरे-मेंढरे राखणारे. दिवाळीनंतर घाटमाथ्याकडे आणि कोकणाकडे सरकणाऱ्या धनगरांच्या वाड्यांना वाटेत चरायला याच जमिनी उरल्या आहेत. चाकणच्या पूर्वेकडचे बरेच माळ मुळात गवताचे आहेत. तिथे खड्डे खणून दाट झाडी केली, तर गवत जाते आणि त्याबरोबर माळावरचे पक्षी, ससे, लांडगेही जातात. पडीक दिसणारी प्रत्येक जागा ओसाड असते हा समज शहरी पाहुण्यांचा.

तडजोड निघू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. गुरांनी चरायचे नाही, माणसाने कापून न्यायचे. चारा वाढला म्हणून गावाने ती बंदी टिकवली. ज्या ग्रामसभेत गुराखी बोलले आहेत आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात आले आहे, त्या ग्रामसभेचा ठराव पुढे टिकण्याची शक्यता अधिक.

संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर जमीन होते का?

थोडक्यात उत्तर : होत नाही, आणि मागूही नये. ‘वनासाठी’ म्हणून खासगी संस्थेला दिलेली सरकारी जमीन वीस वर्षांनी कशासाठी वापरली जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. कोंढव्याची जमीनही शेतीसाठी म्हणूनच गेली होती.

संस्थेला मिळते ते काम करण्याचे अधिकारपत्र. अवनत वनजमिनीवर वन विभाग, पैसा देणारी कंपनी आणि राबणारी संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. मालकी वन विभागाकडे राहते, करार ठराविक वर्षांचा असतो, लाकडावर कंपनीचा हक्क नसतो. पुण्यातील वारजे येथील वनोद्यान याच पद्धतीने घडले. १६.८ हेक्टरांच्या उजाड टेकडीवर २०१५ पासून स्थानिक जातींची हजारो रोपे लावली गेली. केंद्र सरकारने ५ जून २०२० रोजी देशात २०० नगर वने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचेच नाव घेतले. तेथे २३ प्रकारच्या वनस्पती, २९ जातींचे पक्षी आणि १५ जातींची फुलपाखरे नोंदवली गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मुद्दा असा, की वारज्यात जमीन कोणाकडूनही ‘मिळवावी’ लागली नाही. ती आधीच वन होती. फक्त वन उरले नव्हते.

पिंपरी-चिंचवडच्या आसपास अशा जागा आहेत. देहूरोडजवळच्या घोराडेश्वरच्या डोंगरावर नागरिकांचे गट वर्षानुवर्षे पाठीवरून पाणी नेऊन रोपे जगवतात आणि दर उन्हाळ्यात वणव्याशी झुंजतात. त्यांना सरकारकडून जमीन नको आहे. जाळपट्टे, एखादी पाण्याची टाकी आणि मार्च ते मे राखणदार, एवढीच गरज असते. जमिनीच्या मागणीपेक्षा ही मागणी छोटी, पण तिच्यासाठी कोणतेही ठळक शीर्षक नसल्याने ती मागेच राहते.

पैशांची तशी चणचण नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकारावरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. पर्यावरण त्या यादीत आहे आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. चाकणमध्ये अशा कंपन्यांची रांग आहे. केंद्राच्या २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांनी अवनत वनजमिनीवर खर्च करणाऱ्या कंपन्यांना श्रेयांक देण्याची सोय केली. आरंभी रोपे लावल्यावर लवकर श्रेयांक मिळत, त्यावर टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये निकष बदलले : पाच वर्षांचे काम आणि किमान ४० टक्के छत्र घनता झाल्यावरच श्रेयांक. रोप लावण्यापेक्षा जगवण्याला मोल देणारा हा बदल योग्य दिशेचा आहे. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प केले, त्यातील किती जगली यावरून वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली, हे विसरता येत नाही.

एमआयडीसीच्या मोकळ्या जागांचे काय?

औद्योगिक क्षेत्राच्या आराखड्यात मोकळ्या जागा राखलेल्या असतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत हरित पट्ट्याची अटही असते. बऱ्याच काळापर्यंत ती साधारण ३३ टक्क्यांची असे. म्हणजे कारखान्यांच्या कुंपणाआत आणि कुंपणांमध्ये झाडांसाठी जागा कागदावर आहे. प्रत्यक्षात तिचे काय झाले, हे मंजुरीच्या अटींचे सहामाही अनुपालन अहवाल वाचले की समजते. हे अहवाल सार्वजनिक असतात. गावची सरकारी जमीन मागण्याआधी या जागांचा हिशेब मागितला, तर नव्या जमिनीशिवायच बराच हिरवा पट्टा उभा राहू शकतो.

अर्ज कुठून सुरू करायचा?

ग्रामसभेच्या ठरावापासून. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, नेमकी मागणी (रोपवन, ग्राम वन की वन विभागाकडे हस्तांतर), चराईची पर्यायी सोय आणि अतिक्रमणांची स्थिती लिहिलेली हवी. नुसते ‘गावात वनीकरण व्हावे’ असा ठराव म्हणजे शुभेच्छापत्र. सोबत सातबारा, फेरफार, गाव नमुन्यांचे उतारे आणि भूमी अभिलेख विभागाची मोजणी जोडावी. मोजणी नसलेला प्रस्ताव प्रांताच्या टेबलावरून परत येतो, कारण शेजारच्या कंपनीची भिंत गायरानात दोन मीटर शिरली आहे की नाही हे मोजणीशिवाय कोणी सांगत नाही. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी असा प्रवास असतो. वन विभागाकडे हस्तांतर हवे असेल तर उपवनसंरक्षकांचा अभिप्राय लागतो. महापालिका हद्दीत मात्र विकास आराखड्यावरील हरकत हेच मुख्य हत्यार. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकतींचा अक्षरशः ढीग पडला होता.

आणखी एक अनपेक्षित दार आहे. महामार्ग, रेल्वे किंवा जलवाहिनीसाठी वनजमीन जाते तेव्हा प्रकल्पाला पर्यायी वनीकरणासाठी वनेतर जमीन शोधावी लागते. जिल्हा प्रशासन अशा जमिनींची यादी ठेवते. गावाने स्वतःहून आपली मुलकी पड जमीन या यादीत देऊ केली, तर ती पुढे वन म्हणून अधिसूचित होते आणि रोपांचा खर्च प्रकल्प उचलतो. दुसरीकडचे जंगल तुटल्यावरच हे घडते, ही त्यातली बोचणारी बाजू.

रोपे कोणती आणि किती?

तीन मीटर अंतरावर लावली तर एका हेक्टरमध्ये सुमारे १,१०० रोपे बसतात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लवकर हिरवे दिसतात म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावले गेले. त्यांच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. या पट्ट्यातील मुरमाड जमिनीला पळस, धावडा, खैर, हिवर, बोर, काटेसावर, मेडशिंगी, बहावा मानवतात. ओढ्याकाठी अर्जुन, करंज, उंबर. पिंपरी आणि चिंच ही दोन्ही झाडे शहराच्या नावातच आहेत, तेव्हा रोपवाटिकेत ती निदान मागून तरी पाहावीत.

आताच घाई का?

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठ पदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाल्याने चाकण परिसरातील गावांच्या जमिनींचे भवितव्य पुन्हा नव्याने आखले जाणार आहे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये चाकणच्या वाहतूक कोंडीची पहाटे पाहणी करताना अजित पवार यांनी या भागासाठी स्वतंत्र महापालिकेची गरज बोलून दाखवली. महापालिका आली की ग्रामपंचायत जाते आणि ग्रामसभाही जाते. मोशी, चिखली, तळवडे, पुनावळे ही गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, तेव्हापासून तिथल्या मोकळ्या सरकारी जमिनींबाबतचा निर्णय गावात होत नाही.

चाकणच्या आसपासच्या गावांना ठराव करण्याचा अधिकार अजून आहे. पंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. खड्डे मेअखेरपर्यंत खणून व्हायला हवेत, म्हणजे मोजणीचा अर्ज त्याच्या कितीतरी आधी जायला हवा. गाव नमुना १-अ, १-ब आणि १-इ ची प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे मागता येते. मिळाली नाही, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.